चांदणं खरं की सुकती?

पत्र:

आदरणीय बाई, स. न.

मी ३१ वर्षं फेरीबोटीवर खलाशी होतो. आता निवृत्त. रात्री जेवणं झाली की घरची आणि शेजारची मुलं भोवती बसतात, बोटीवरच्या गोष्टी सांगा म्हणतात. हसतात, कधी कधी गप्पही होतात. म्हणून त्या वहीत लिहायला घेतल्या. पण लिहिलं की सगळं मरून जातं. मुलगी तर तोंडावरच म्हणाली, "पपा, तुमी सांगतात तेन्ना बरें दिसता, बरयतात तेन्ना रजेचो अर्ज कसो दिसता." १९८६ साली मांडवीचा पूल पडला तिथपासून सुरुवात करून सगळं लिहावं असं मनात आहे. एक पान सोबत पाठवतो. चुकतं कुठे ते सांगा. खऱ्या माणसांवर लिहिलेलं चालतं का, तेही सांगा. घरी आम्ही कोंकणी बोलतो, शाळा मराठी झाली, म्हणून लिहितो मराठीत.

एक निवृत्त खलाशी

उत्तर:

खलाशीबाब,

तुमच्या लेकीचे कान तयार आहेत. तुमचं पान मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटी "आपला विश्वासू" आहे का ते बघितलं.

वाचकांना कळावं म्हणून त्या पानातला मधला तुकडा इथे देते. "सदर रात्री पुनवेचे टिपूर चांदणे पडले होते व नदी चांदीसारखी चमकत होती. शेवटच्या फेरीच्या वेळी एक इसम धक्क्यावर उशिरा आल्याने त्यास बोट मिळू शकली नाही. सुकती लागलेली असल्याने थांबणे शक्य नव्हते. त्या इसमाची आई पलतडी आजारी होती व ती त्याच रात्री वारली असे नंतर कळले. मला फार वाईट वाटले." याच्या आधी पाण्यात उडी मारलेल्या बैलाची हकिकत आहे आणि नंतर वरातीतल्या ताशेवाल्याची. दोन्ही गमतीच्या आहेत, त्यांचं काय करायचं ते तुम्हाला आपोआप कळेल. मी अडकले ती या पाच वाक्यांपाशी.

सदर, इसम, त्यास, सबब, उपरोक्त. हे शब्द तुमचे नाहीत, ते रजिस्टरचे आहेत. ३१ वर्षं कागदावर लिहायचं म्हणजे साहेबाला उत्तर द्यायचं, असाच हाताला सराव झाला. साहेबाला लिहिताना माणूस एकच काळजी घेतो, आपल्यावर काही येऊ नये. तुमचं पान नीट बघा. "त्यास बोट मिळू शकली नाही." कोणी दिली नाही? "थांबणे शक्य नव्हते." कोणाला? पाचही वाक्यांत तुम्ही बोटीवर नाहीच. एकदम शेवटी येता आणि वाईट वाटून घेता.

म्हणून मी फोन केला. तुम्हाला वाटलं असेल बाई चौकशीला लागल्या. खरं तर मला तो प्रसंग तुमच्या तोंडून ऐकायचा होता, लिहिलेला नव्हे. आणि तुम्ही जे सांगितलंत ते असं (तुमच्या परवानगीनं छापते): रॅम्प वर घेतलेला. बोट धक्क्यापासून हातभर सुटलेली. मग वरच्या रस्त्याकडून चपलांचा आवाज. मग तो आवाज बंद झाला आणि अनवाणी पावलांचा थपथप आवाज यायला लागला, म्हणजे त्यानं चपला काढून हातात घेतल्या असणार. "राव रे, राव!" असं दोनदा. मी विचारलं, तुम्ही बघितलंत त्याच्याकडे? तुम्ही म्हणालात, नाही, मी दोर गुंडाळत होतो. मग थोडा वेळ तुम्ही बोलला नाहीत. मग म्हणालात, "बाई, दोर गुंडाळून झाला होता. मी तो सोडला आणि परत गुंडाळला."

माझी गॅसवर कढी होती. ढवळायची राहिली आणि फुटली.

तुमची गोष्ट ही आहे. बैल नाही, पूल नाही, ३१ वर्षं तर नाहीतच. एक माणूस गुंडाळलेला दोर सोडून परत गुंडाळतो, कारण त्याला धक्क्याकडे बघायचं नाही. ही गोष्ट तुमच्याखेरीज जगात कोणाला लिहिता येणार नाही. तो धावत आलेला माणूसही लिहू शकणार नाही, त्याला फक्त पाठ दिसली. आणि दोर एकदा कागदावर आला की "मला फार वाईट वाटले" खोडून टाका. वाचकाला ते दोरातूनच कळलेलं असतं. वर पुन्हा सांगितलंत तर तो म्हणेल, कळलं हो.

तुम्ही विचारलंत, सांगताना जिवंत असतं ते लिहिताना का मरतं. याचं अर्धं उत्तर वर आलं, ते रजिस्टर. उरलेलं अर्धं जरा अवघड आहे. सांगताना तुमचा हात असतो, डोळे असतात, नको तिथे आवाज खाली करता येतो. मुलं समोर बसलेली असतात, त्यांच्या तोंडाकडे बघून तुम्ही एखादी गोष्ट गाळता, एखादी फुगवता. नको ती जागा सांगताना बेमालूम ओलांडून जाता येते. कागदावर येत नाही. कागद विचारतो, तेव्हा तुझ्या हातात काय होतं?

दोराचा विषय निघाला म्हणून माझं सांगते. आमच्या घरी एका चवथीला आदल्या रात्री बांधलेली माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट, एका बाजूनं सुटली आणि आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा कातरा, सगळं थेट आरतीच्या तबकावर आलं. भावानं गाठ नीट मारली नव्हती, म्हणून. ही गोष्ट मी वीसेक वर्षं सांगत आले, भावासमोरसुद्धा. तो हसायचा. एकदा लिहायला बसले. केवणीचा ओला दोर कसा हाताला बुळबुळीत लागतो ते लिहिलं, मग गाठ कशी मारतात ते लिहिलं, आणि पेन थांबलं. तो दोर हाताला कसा लागतो हे मला कसं ठाऊक? गाठ मी मारली होती. भाऊ खाली स्टूल धरून उभा होता. वीस वर्षं तो का हसत होता तेही मग समजलं. मुद्दाम खोटं बोलले नव्हते. सांगता सांगता ते तसं घडत गेलं होतं, दर चवथीला थोडं थोडं.

त्यामुळे तुम्हाला लिहायचं असेल तर आधी मोबाइलवर रेकॉर्ड करा. मुलांसमोर नको, एकटे बसून सांगा, कोंकणीतच. मग ते ऐकत उतरवून काढा. जिथे तुमचा आवाज खाली गेला असेल, जिथे तुम्ही खोकलात, "तें रावूं दी" म्हणून पुढे गेलात, तिथे पेन्सिलीनं खूण करा. फोनवर तुम्ही जिथे गप्प झालात ती अशीच जागा होती.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. गोव्यात आपण असेच वाढलो, घरात एक, शाळेत आणि रंगमंचावर दुसरी. निवेदन मराठीत करा, माणसं कोंकणीत बोलू देत. "थांब रे, थांब" असं त्याच्या तोंडी घातलंत तर तो पुण्याचा होईल. आणि सुकतीला ओहोटी लिहू नका, पलतडीला पलीकडचा किनारा करू नका. ज्याला कळणार नाही तो पुढच्या दोन ओळींत अंदाजानं समजून घेतो. संवादाबाबत मी एकच पथ्य पाळते. जे शब्द देवासमोर हात ठेवून सांगता येतील तेवढेच अवतरणचिन्हांत. तुमच्याकडे असे तीनच आहेत. "राव रे, राव." आणि दुसऱ्या दिवशीचे ते दोन. पुरेत.

आता दुसऱ्या दिवसाचं. हे तुम्ही पानावर लिहिलंच नव्हतंत! फोन ठेवता ठेवता सहज म्हणालात, की तो सकाळी पहिल्या बोटीला होता. रात्रभर तिथेच कुठेतरी बसलेला असणार. हातात मोसंब्यांची जाळीची पिशवी. रॅम्प खाली केलात तसा तो पुढे आला आणि म्हणाला, "ही पयलीच मू?" तुम्ही म्हणालात, "हय." तेवढंच. त्याची आई गेल्याचं तुम्हाला दुपारी कळलं, पलतडच्या चहाच्या दुकानात.

पानावर तुम्ही मरण आधी सांगून टाकलंत. मग सकाळची बोट लिहायला जागाच उरली नाही. घडलं त्या क्रमानं लिहा, म्हणजे तुम्हाला जे जेव्हा कळलं ते वाचकाला तेव्हाच कळू दे. रात्री तुम्हाला ठाऊक नव्हतं तो का धावतोय. सकाळी त्याला पिशवीसकट बघितलंत तेव्हाही ठाऊक नव्हतं, पण काहीतरी समजलं असणार, नाहीतर ती मोसंबी तुम्हाला आज आठवली नसती. चहाच्या दुकानापर्यंत जायचं की "हय"पाशी थांबायचं, हे लिहून बघितल्याशिवाय ठरणार नाही. मी असते तर चहाचं दुकान एका वाक्यात मध्येच कुठेतरी उरकलं असतं आणि शेवट बोटीवर केला असता. पण बोट तुमची.

सुरुवात रॅम्प वर जाताना करा. तुमचा जन्म, नोकरीला कसे लागलात, तेव्हा पगार किती होता, यातलं काही नको. लांबी म्हणाल तर बोट या काठावरून त्या काठाला जाईपर्यंत वाचून व्हावी एवढी. हजार शब्दांच्या आत. बोटीत बसून वाचणाऱ्या माणसाला उतरायचं असतं.

पुलाबद्दल. ५ जुलै १९८६ ला पूल कोसळला तो सगळ्या गोव्याचा कोसळला. तारखा आणि बातम्या हव्या असतील तर पणजीत पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, तिथे बसा. पण त्या बातम्या तुमच्या वहीत उतरवू नका, त्या आधीच छापून झाल्या आहेत. त्या पावसाळ्यात मी म्हापशाहून पणजीला कॉलेजला जायची. बसनं बेतीपर्यंत, मग फेरी. पुलाचं म्हणून आज मला विचारलंत तर मला पूल आठवत नाही. गर्दीत माझ्या पोटाला चिकटलेली एका बाईची पाटी आठवते, त्यात भिजलेल्या तायकिळ्याच्या जुड्या, आणि त्यांचं हिरवं पाणी माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर गळत होतं. मी तिला काही बोलले, काय ते आठवत नाही, पण तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि उरलेला वेळ तशीच उभी राहिली. त्या दिवसांत तुम्ही त्या बोटींवर होतात. तुमच्याकडे असं काय आहे जे वर्तमानपत्रात आलं नाही? ते सापडेपर्यंत पूल राहू दे बाजूला.

खऱ्या माणसांवर लिहिलेलं चालतं का? चालतं, पण त्याची किंमत पडते. माझ्या मावशीवर मी एकदा लिहिलं होतं. तिनं कर्ज कसं फेडलं, घरातल्या कोणाला न सांगता काय विकलं, सगळं. छापून आल्यावर मी घाबरतच गेले. तिनं शेजारच्या मुलाकडून दोनदा वाचून घेतलं होतं. कर्जाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. म्हणाली, "म्हजें कापड पिंजिल्लें नाशिल्लें गो." मी तिला फाटक्या लुगड्यात उभी केली होती, कारण गरिबी दाखवायला तसं बरं दिसत होतं. मोठं खरं तिनं पचवलं, ते बारीकसं खोटं तिला मरेपर्यंत सललं. नंतर भेटले की लुगड्याचा पदर हातात धरून दाखवायची, बघ म्हणून.

तेव्हापासून मी नाव बदलते, गाव बदलते, कोणाची बहीण कोणाची नणंद तेही गरज पडली तर झाकते. पण मोसंब्यांचे सफरचंद करत नाही. त्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे असं तुम्ही म्हणालात. लिहू नका. धक्का कुठला तेही नको. मांडवीवर धक्के मोजकेच, दोन्ही काठांवरची माणसं ओळखतील, म्हणून इथे मीही टाळलंय. तो हयात असेल तर छापायच्या आधी त्याला वाचून दाखवावं असं मला वाटतं. तो नको म्हणाला तर वहीत ठेवा. वहीतली गोष्टही लिहिलेलीच असते.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी इतकं लांबवलं. तुमच्या पानावर पुनवेचं टिपूर चांदणं आहे. आणि त्याच पानावर सुकती आहे, जिच्यामुळे थांबता येणं शक्य नव्हतं, नाहीतर बोट गाळात रुतली असती. शेवटची फेरी रात्री साडेअकराची, हे फोनवर तुम्हीच सांगितलंत.

खलाशाला पाणी शिकवायला मी बसलेली नाही, पण वाचकांसाठी सांगते. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीचा हिशोब पाऊणकीनं करतात. तिथीला पाऊणनं गुणायचं, जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. दिवसाही तीच वेळ आणि रात्रीही साधारण तीच. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. पुनवेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. पाव-अर्धा तास इकडे तिकडे होतं, आणि नदीत आत शिरायला भरतीला आणखी थोडा वेळ लागतो. म्हणजे पुनवेच्या रात्री साडेअकराला पाणी धक्क्याच्या उतारावर पार वरपर्यंत असणार. गाळ कुठला, रुतणं कुठलं? दोन मिनिटं काय, पंधरा मिनिटं थांबला असता तरी बोटीला काही झालं नसतं.

तेव्हा चांदणं आणि सुकती, दोन्ही एका रात्री बसत नाहीत. त्यातलं एक नंतर आलेलं आहे.

चांदणं नंतर आलं असेल तर काही बिघडलं नाही. लिहायचं म्हणजे चांदणं हवं, नदी चांदीसारखी हवी, असं आपल्याला शाळेच्या निबंधात कोणीतरी शिकवलेलं असतं. त्या ओळीवर काट मारा. पण चांदणं खरं असेल, त्याची थपथप येणारी पावलं तुम्ही ऐकलीत तेव्हा खरोखरच सगळा धक्का लख्ख दिसत असेल, तर मग सुकती कधी आली? माझ्या भावाची गाठ आली तशीच आली का? मला ठाऊक नाही आणि मी तुम्हाला दोषही देत नाही. तुम्ही एकटे नव्हता, बोट चालवणारा दुसरा होता, दिवसभराची माणसं दमलेली होती, शेवटच्या फेरीला उशीर झाला की काय ऐकून घ्यावं लागतं ते तुम्ही जाणता. यातलं जे खरं असेल ते लिहा. पण सुकती लिहायची तर ती तिथे असायला हवी.

हे शोधून काढता येतं. साल तुम्हाला आठवत नाही, ठीक. पण ती बाई त्याच रात्री गेली. त्या घरात दर वर्षी तिचं श्राद्ध तिथीवर होत असणार. कोणालाही काही न सांगता तिथल्या भटजींना विचारलंत तरी तिथी कळेल. मध्यरात्रीनंतर गेली असेल तर एखादी तिथी पुढेमागे धरा. पुनवेच्या आसपासची निघाली तर चांदणं ठेवा आणि सुकती काढा. अष्टमी-नवमी निघाली तर सहा-पावणेसातला भरती, बारा-पाऊणला पुरती सुकती. मग बोट खरंच अडकली असती आणि चांदणं तुम्ही मागून आणलेलं.

तिथी विचारा, मग पुन्हा लिहा, दोरापासून. नवं पान पाठवाल तेव्हा पाकिटावर तिथी तेवढी लिहा, आत काय असेल त्याचा मला अंदाज येईल. आणि मुलीला सांगा, रजेचा अर्ज मंजूर झालेला नाही.

तुमची,
बाई